दोन वर, दोन खाली

वाचकांपैकी ज्यांच्या घरी भिंग असेल त्यांनी ते एकवार आपल्या सदऱ्याच्या बाहीवर धरून पाहावे, आणि नंतर विजारीच्या गुडघ्यावर धरावे. भिंग नसले तरी चांगल्या उजेडात डोळे बारीक केले की काम भागते. सदरा पॉपलीनचा असेल, तर उभी सुते आणि आडवी सुते एकमेकांच्या वरून-खालून एकाआड एक गेलेली दिसतील. विजार जाड खाकी ड्रिलची असो की हल्लीच्या मुलांच्या जीनची असो, तिच्यावर मात्र तिरक्या रेघा चढत गेलेल्या दिसतील. ती रेघ कोणी छापलेली नाही, रंगाने काढलेली नाही. एखादे सूत किती सुतांवरून गेले आणि मग किती सुतांखालून गेले, एवढ्या एकाच गोष्टीतून ती उठली आहे.

गाण्याच्या शिक्षकाने कापडाच्या विणीवर लिहावे हे थोडे विचित्र दिसेल. आमच्या घरात माग कोणी चालवलेला नाही. माझे वडील संस्थानच्या अखेरच्या काळात दरबारात गवई होते. विशीत ही नोकरी लागली आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले तेव्हा ती संपली. मी त्यांच्या उतारवयातला. मी दरबार पाहिला नाही, दरबार गेल्यानंतरचे गाणे तेवढे पाहिले. विणकामाशी माझा संबंध आला तो आदिलाबादेत, आणि तोही मी गेलो होतो भलत्याच कामासाठी म्हणून.

गेलो होतो किकरी ऐकायला. आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केस्लापूर म्हणून गाव आहे. तिथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळीचे गोंड पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या पाण्याने देवाची पूजा होते. या गोंडांच्या कुळकथा गाणारे लोक म्हणजे परधान. त्यांच्या हातात किकरी हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य असते. मौज अशी की, परधान कथा गातात गोंडीत, आणि त्यांची घरची बोली मराठी! हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या सुमारास या डोंगरांत राहून गोंडांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही ही गोष्ट नमूद आहे. ठरावीक परधान घराण्याने ठरावीक गोंड घराण्यासाठी गायचे आणि त्या घराने त्यांचा हक्क पोचवायचा, अशी ही जुनी व्यवस्था. आश्रयदात्याचे घर ओढगस्तीला लागले की गाणाऱ्याचे काय होते, ते मला कोणी समजावून सांगायला नको होते. किकरीवर पुढे कधी तरी सवडीने लिहीन. आज त्या जत्रेच्या कडेला, धुळीत मांडलेल्या बांबूच्या मालाविषयी लिहायचे आहे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आदिलाबादचा ठावठिकाणा सांगायला हवा. पैनगंगेच्या पलीकडचा हा मुलूख. निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्हा फार मोठा होता. आपल्या नांदेड जिल्ह्यातले किनवट आणि आज चंद्रपुरात असलेले राजुरा हे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत त्याच जिल्ह्यात होते. २०१४ साली तेलंगण झाले, आणि २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. नदी ओलांडली म्हणून भाषा ओलांडली जात नाही. आदिलाबादच्या बाजारात तेलुगू, उर्दू, गोंडी आणि वऱ्हाडी वळणाची मराठी एकाच भाजीवालीच्या तोंडून ऐकू येते.

आणि कापूस! काळी जमीन आणि कापूस. हंगामात बाजारसमितीच्या आवारात पांढऱ्या गाड्यांची रांग लागते, रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकतात. माझे साडू तिथल्या एका जिनिंग कारखान्यात हिशेबनीस आहेत. मी त्यांच्याकडेच उतरलो होतो. सरकी वेगळी होते, रुई दाबून गाठी बांधल्या जातात आणि गाठी मालमोटारींतून बाहेर जातात. कपाशीच्या या समुद्रात मला माग शोधून सापडेना. आपल्या पंचगंगेकाठी याच्या नेमके उलट आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग चालवला आणि त्या जहागिरीच्या गावाचे कापडाचे शहर झाले. भोवती ऊस, आणि गावात रात्रंदिवस मागांचा खडखडाट. ज्या इचलकरंजीचे नाव बाळकृष्णबुवांमुळे साऱ्या हिंदुस्थानातल्या गवयांच्या तोंडी होते, तिथे आज ताल धरला आहे तो धोट्यांनी.

तर आदिलाबादेत सुताचे विणकाम मला दिसले नाही, परंतु वीण दिसली. ती कोलामांच्या हातात.

कोलाम हे या डोंगरांतले गोंडांचे शेजारी. आपल्या यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरकडेही त्यांची वस्ती आहे. त्यांची कोलामी बोली वेगळी. गावदेवतेची पूजा कोलामाच्या हातून व्हावी असा संकेत, म्हणून गोंड त्यांना 'पुजारी' म्हणतात. टोपल्या, सुपे, तट्टे विणण्यात त्यांचा हात फार जुना. आपल्याकडे हे काम बुरुडांचे. जत्रेच्या कडेला एक म्हातारे जोडपे बसले होते. नवरा हिरवा मानवेल फोडून त्याच्या कामट्या काढीत होता आणि बायको तट्टा विणीत होती. मानवेल म्हणजे जवळजवळ भरीव जातीचा बांबू. त्याची वरची हिरवी साल चिवट, आतला गर ठिसूळ. साल एकीकडे आणि गर दुसरीकडे अशी वाटणी करीत, कोयता न थांबवता म्हातारा बोटभर रुंदीच्या पट्ट्या सोलीत होता. त्याची ती लय बघत मी उभा राहिलो, आणि मग बायकोच्या बोटांकडे माझे लक्ष गेले.

ती मोजीत नव्हती. जमिनीवर पट्ट्या शेजारी शेजारी मांडलेल्या, त्यांवर दोन्ही पाय रोवलेले. बोटांनी दोन पट्ट्या उचलायच्या, दोन सोडायच्या, पुन्हा दोन उचलायच्या. मधून आडवी पट्टी सारायची आणि कोयत्याच्या पाठीने ठोकून घट्ट करायची. पुढच्या ओळीला तीच जोडी उचलायची नाही. एक घर सरकून उचलायची. दहा-बारा ओळी झाल्या आणि तट्ट्यावर जीनच्या विजारीवरची ती तिरकी रेघ उठली.

इथे वाचकांना विणीचे व्याकरण थोडक्यात सांगितले पाहिजे. उभ्या सुतांना ताणा म्हणतात, आडव्यांना बाणा. मागावर ताण्याची सुते घट्ट ताणलेली असतात. पायाने पट्टी दाबली की काही सुते वर उचलली जातात, बाकीची खाली राहतात, आणि मधल्या फटीतून धोटा आडवे सूत घेऊन धावतो. फणीने ते ठोकले की एक ओळ झाली. मग दुसरी सुते वर. बस्स. कुठली सुते केव्हा वर, हा एवढाच प्रश्न. आणि त्याची मूळ उत्तरे तीनच आहेत.

पहिले उत्तर एक वर, एक खाली. ही साधी वीण. गंमत पाहा, ढाक्याची मलमल, दुकानातले मांजरपाट, सदऱ्याचे पॉपलीन आणि पट्टणकोडोलीच्या जत्रेतले घोंगडे या सगळ्यांची वीण एकच! फरक सुताच्या जाडीचा, पिळाचा आणि दाटीचा. घोंगड्याच्या लोकरीला चिंचोक्याची खळ बसते म्हणून ते ताठ. मलमलीचे सूत केसासारखे म्हणून ती हवेसारखी. पॉपलीनला ताण्याची सुते बाण्यापेक्षा दाट घेतात, म्हणून त्याच्या अंगावर अगदी बारीक आडव्या कडा येतात. दोन-दोन सुते जोडीने नेली की दोसुती होते. आपल्या बहिणींनी शाळेत ज्या मॅटीवर फुल्यांचे टाके घातले, ती याच कुळातली. जोडसुतांमध्ये राहिलेली चौकोनी भोके सुईला वाट दाखवतात. साध्या विणीत सूत दर पावलाला बांधले जाते. म्हणून हे कापड पातळ असूनही टिकते, फाडले तर सरळ फाटते.

दुसरे उत्तर तिरक्या विणीचे. दोन वर, दोन खाली; किंवा तीन वर, एक खाली; आणि प्रत्येक ओळीला एक घर सरकायचे. गिरणीत हिला ट्विल म्हणतात. ड्रिल, गॅबर्डीन, सर्ज, जीन ही सगळी हिची लेकरे. सूत कमी वेळा वाकते, म्हणून सुते जास्त दाटीने बसवता येतात. कापड जड होते, पण अंगावर मऊ पडते. कष्टकऱ्यांचे आणि शिपायांचे कपडे या विणीचे झाले ते हौसेने नव्हे. हीच सरक मध्येच उलटी फिरवली की नागमोडी रेघ होते. उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंनी उलटवली की चौकट, आत चौकट, आत डोळा. म्हातारीच्या तट्ट्याच्या मधोमध नेमका असा डोळा होता. तिथूनच ती सुरुवात करते आणि चारी बाजूंनी वाढत जाते.

तिसरे उत्तर साटीन. यात सूत लांब उडी मारते, चार सुतांवरून तरंगत जाते आणि पाचव्याखाली एकदाच बुडी घेते. अंगावर सगळी लांब लांब सुते पसरलेली, त्यांवर उजेड सपाट पडतो, म्हणून कापड चकाकते. निजामाच्या राज्यात औरंगाबादेला विणला जाणारा मशरू याच जातीचा. बाहेरून रेशीम आणि अंगाशी सूत, अशी त्याची रचना. निव्वळ रेशीम अंगाला लावणे धर्माने निषिद्ध मानणाऱ्या मुसलमान पुरुषांना तो चालत असे, म्हणूनच 'मशरू' म्हणजे शास्त्रसंमत हे नाव. मात्र साटिनीत एक अडचण आहे. सुते ज्या ठिकाणी बुडी घेतात ती ठिकाणे ओळीने शेजारी आली तर तिरकी रेघ दिसू लागते आणि चकाकी मोडते. म्हणून त्या बुड्या पांगवाव्या लागतात. कशा पांगवायच्या, याचा हिशेब मला प्रथम समजला तेव्हा मी अक्षरशः मांडीवर ठेका धरला.

पाच सुतांच्या साटिनीत पहिल्या ओळीला पहिले सूत बांधायचे आणि पुढे प्रत्येक ओळीला दोन घरे सरकायचे. मग क्रम येतो एक, तीन, पाच, दोन, चार. पाचही सुते एकदा एकदा बांधली गेली आणि शेजारची दोन लागोपाठ कुठे आली नाहीत. आठ सुतांची असेल तर तीन घरे सरकायचे: एक, चार, सात, दोन, पाच, आठ, तीन, सहा. आता तबला शिकणाऱ्या मुलाला विचारा. आठ मात्रांच्या केरव्यात तीन मात्रांचा तुकडा लागोपाठ वाजवीत गेला तर तो कुठे कुठे सुरू होतो? पहिल्या मात्रेवर, मग चौथ्या, सातव्या, पुढच्या आवर्तनात दुसऱ्या, पाचव्या, आठव्या, त्यापुढच्यात तिसऱ्या, सहाव्या, आणि तीन आवर्तने होताच सम! आकडे तेच आहेत. आता सहा मात्रांचा दादरा घ्या आणि दोन मात्रांचा तुकडा घ्या. तो पहिली, तिसरी, पाचवी यांवरच सुरू होत राहील. दुसरी, चौथी, सहावी यांच्या वाटेला कधी जाणारच नाही. सहा सुतांच्या कापडात असे केले तर ती तीन सुते कोणी बांधलीच नाहीत, नुसती लोंबत राहिली. तीन घरे सरकून पाहा, तर पहिले आणि चौथे सूतच बांधले जाईल. एक किंवा पाच घरे सरकलात तर तिरकी रेघ आली. म्हणून सहा सुतांची नियमित साटीन होऊ शकत नाही. जगातल्या कुठल्याही गिरणीत होऊ शकत नाही. गिरण्यांत पाचाची आणि आठाची जास्त चालते, ती या कारणाने.

हे मी रात्री जेवताना साडूंना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते हसून म्हणाले, "बुवा, तुम्हाला सगळीकडे तालच दिसतो. अहो, ती म्हातारी हिशेब करत नाही. हाताला सवय झालेली असते. सवय म्हणजे काही विद्या नव्हे."

साडू सज्जन गृहस्थ आहेत आणि आकड्यांत मुरलेले आहेत. परंतु या एका वाक्यावर आमचे दोघांचे रात्री अकरापर्यंत चालले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊनच म्हातारीकडे गेलो. मी विचारले, "मावशी, कुठल्या दोन उचलायच्या हे कसं कळतं? मनात मोजता का?"

ती म्हणाली, "मोजाचं कायले, गुरुजी? मांगची वळ सांगते ना."

मागची ओळ सांगते! साडूंना ते उत्तर पुरेसे वाटले नाही. माझ्या मते त्यात सर्व काही आले. मी वीस वर्षे मुलांना गाणे शिकवतो आहे. जी मुले बोटांवर मात्रा मोजतात ती तिसऱ्या आवर्तनात हमखास घसरतात, कारण मोजणारा नेहमी आकड्याच्या मागे धावत असतो. ज्याला नुकतेच गेलेले आवर्तन कानात उभे दिसते तो चुकत नाही, आणि चुकला तर कुठे चुकला ते त्याला लगेच कळते. वडिलांनी मला सोळा मात्रा कधी मोजायला लावल्या नाहीत. ठेका म्हणायला लावला, तोही त्यांचा हात माझ्या पाठीवर चालू असताना. विणकराला मागची ओळ समोर दिसते. गवयाला ती धरून ठेवावी लागते, एवढाच काय तो फरक. नियम कळल्याशिवाय 'एक घर सरकणे' उलटवून मधला डोळा काढता येत नाही. सवयीने माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो. ही बाई चार निरनिराळ्या वस्तूंना चार निरनिराळ्या विणी वापरीत होती, आणि प्रत्येकीचे कारण तिला सांगता येत होते.

तट्टा दोन-दोनाचा. एक-एकाचा का नाही? कारण बांबू म्हणजे सूत नव्हे. दर पावलाला त्याला वाकवायला गेले तर पट्ट्या एकमेकींना ढकलतात, मध्ये फटी राहतात, आणि जोर केला तर मोडतात. दोन ओलांडून वाकवले की पट्ट्या अंगाला अंग लावून बसतात. सुपाला मध्यभागी तीन-तीन. म्हणजे दाणा घरंगळायला लांब, गुळगुळीत वाट मिळते आणि फोलकट उडते. साटिनीसारखी चार-पाचांवरून उडी ती घेत नाही. एवढी लांब सुटी पट्टी कशात तरी अडकून उचकटेल. टोपलीच्या बाजूंना मात्र ती एक-एकाची साधी वीणच घेते. तिथे उभ्या कामट्या जाड, आडव्या पट्ट्या बारीक, आणि दर ठिकाणी आवळले गेले नाही तर टोपली फुगते. शेजारी कोंबड्या झाकायचे डालगे पडले होते, त्याची तऱ्हा आणखी निराळी. त्यात ताणा कुठला आणि बाणा कुठला हे विचारण्यातच अर्थ नाही. पट्ट्या तीन दिशांनी येतात आणि मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी भोके राहतात. हवा खेळते, सामान कमी लागते, आणि कुठल्याही बाजूने दाबले तरी ते तिरके होत नाही. गिरणीतला नक्षीकार कागदाच्या चौकटीवर ठिपके मांडून जे ठरवतो, ते इथे जमिनीवर ठरत होते.

साडूंनी सूप हातात घेतले, उलटेपालटे केले आणि म्हणाले, "ठीक आहे, विद्या म्हणा. पण विकत कोण घेतो?"

हा प्रश्न खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. पूर्वी या भागातल्या घरांच्या भिंती बांबूच्या कुडाच्या, वर मातीचा गिलावा. धान्य कणगीत. कापूस वेचायला टोपल्या. आता भिंती विटांच्या, धान्य पोत्यात. गमतीची गोष्ट अशी की, ज्याने तट्ट्याला हटवले ते प्लास्टिकचे पोते आणि ती निळी-पिवळी ताडपत्री, दोन्हीही विणलेलीच आहेत! जत्रेतून परतताना मी खताच्या एका रिकाम्या पोत्यावर भिंग धरून पाहिले. प्लास्टिकच्या चपट्या फिती, एक वर, एक खाली. गोल फिरणाऱ्या मागावर त्या नळीसारख्या विणल्या जातात, म्हणून पोत्याला बाजूची शिवण नसते. फीत इतकी पातळ आणि लवचीक की तिला तिरक्या विणीची गरजच पडत नाही. म्हणजे बाजार वीण सोडून कुठे गेलेला नाही. त्याने बांबू सोडला आहे.

परंतु गिऱ्हाईक कमी झाले ही निम्मीच हकीकत. म्हाताऱ्याला मी विचारले की माल एवढाच का आणला, तर त्याने कोयत्याने डोंगराकडे दाखवले. बांबू मिळत नाही. या जिल्ह्यातला बांबूचा प्रश्न जुना आहे. निजामाच्या राज्यात जंगले राखीव झाली, डोंगरउतारावरची फिरती शेती बंद पडली आणि डोंगरातल्या माणसाला कालचे आपले जंगल आज सरकारी म्हणून सांगण्यात आले. कुमराम भीम १९४० साली जोडेघाटला मारला गेला तो याच जमिनीच्या आणि जंगलाच्या भांडणात. त्याच निजामशाहीत सिरपूरला कागदाची गिरणी उभी राहिली आणि तिच्याभोवती कागजनगर वसले. या गिरणीने कित्येक वर्षे बांबूचा लगदा केला. कागद होतो तोही एका विणीवरच, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पातळ लगदा बारीक जाळीच्या फिरत्या पट्ट्यावर पडतो, पाणी जाळीतून गळते आणि वर कागद उरतो. ती जाळी पूर्वी काशाच्या तारेची विणीत, आता प्लास्टिकच्या धाग्याची विणतात. आणि तिची वीण बारीक पाहणाऱ्याला कागदाच्या पाठीवर दिसू शकते. एकाच मुलखातला बांबू एका वाटेने पट्ट्या होऊन विणला गेला, आणि दुसऱ्या वाटेने लगदा होऊन दुसऱ्याच विणीवर पसरला. दोन वाटांमध्ये जोर कोणाचा, हे सांगायला नको. ही गिरणी २०१४ साली बंद पडली आणि २०१८ साली नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झाली. दरम्यान २०१२ साली कवालचे जंगल व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. वाघ जगला पाहिजे याविषयी माझा वाद नाही. परंतु वर्षाला काही भारे मानवेल नेणारी म्हातारी वाघाच्या आड येते, हे मला कोणी पटवून द्यावे.

कायदा आता तितका प्रतिकूल नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरले आणि त्यावर जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मान्य झाला. पूर्वी बांबू 'झाड' गणला जाई आणि त्यामुळे तो नेणे म्हणजे लाकूड नेणे होई. २०१७ साली जंगलाबाहेर लावलेला बांबू त्या व्याख्येतून काढून टाकला गेला. इथून पूर्वेला, प्राणहितेपलीकडे आपल्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाने २०११ साली हा हक्क प्रत्यक्षात आणून दाखवला. बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि गावाने आपला बांबू स्वतः विकला. तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि आपले मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण दोघेही त्यासाठी त्या गावी गेले होते. मग जे एका तीरावर होते ते दुसऱ्या तीरावर का अडते? म्हाताऱ्याने सांगितले ते एवढेच की, डोक्यावर भारा घेऊन खाली उतरताना वाटेत कोणी अडवले तर दाखवायला हातात कागद नसतो. आणि कागदासाठी तालुक्याला खेटे घालायचे तर विणायचे केव्हा. कोलामांचे पाडे लहान, विखुरलेले, डोंगराच्या खांद्यावर बसलेले. मेंढ्यासारखी एकत्र बसून कागद हलवणारी सभा त्यांच्यात उभी राहायला बाहेरचे कोणी तरी चार वर्षे तिथे राहिले पाहिजे.

वडिलांचे जेव्हा दरबारातून नाव निघाले तेव्हा त्यांचा आवाज गेला नव्हता, की चिजा विसरल्या नव्हत्या. त्यांनी शिकवण्या धरल्या. पेटी, तंबोरा आणि गळा एवढ्यावर गवयाचे भागते. तो आपले जंगल स्वतःबरोबर घेऊन हिंडतो. म्हातारीच्या विद्येला मात्र दर आठवड्याला हिरवा मानवेल लागतो. तोही कोवळा नको आणि जून नको. पुरता सुकलेला तर मुळीच नको, तो वाकत नाही. सुताचे तसे नाही. इचलकरंजीच्या मागाला सूत कुठूनही आणता येते, कदाचित त्यातला काही कापूस आदिलाबादचाच असेल.

निघताना साडूंनी एक सूप घेतले. किंमत म्हातारीने सांगितली ती त्यांनी घासाघीस न करता दिली, हे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हे. मी तट्टा मागितला, तर ती म्हणाली, हा बोललेला आहे, इंद्रवेल्लीकडच्या एका घरचा. तुमचा पुढल्या जत्रेला. मी मापे दिली. तंबोरे ठेवण्याच्या कोनाड्याखाली अंथरायला साडेतीन हात लांब, मध्ये डोळा. आगाऊ पैसे देऊ लागलो, ते तिने घेतले नाहीत. बांबू नवीन कोंबांचा मोसम संपल्यावर, पावसाळ्यानंतर तोडतात. "मिळाला तर विणीन," ती म्हणाली, आणि अर्धवट राहिलेल्या ओळीत बोट घालून तिने पुढच्या दोन पट्ट्या उचलल्या.